मोंढ्यातलं दुकान, शेतातला आखाडा आणि रात्रीचा कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा: परभणीच्या मोंढ्यात भुसार मालाची आडत आहे आणि जिंतूर रस्त्याला शेतात आखाडा. गेल्या महिन्यात रात्री दुकानासमोरून सोयाबीनची चार पोती गेली. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंगही सापडलं. पण त्यात दोन पांढरी भुतं पोती उचलताना दिसतात, तोंड कुणाचंच कळत नाही. कॅमेरा डोम, म्हणजे घुमटासारख्या प्लास्टिकच्या झाकणाचा आहे, पत्र्याखाली ११ फुटांवर लावलेला, शेजारी चुना दिलेली भिंत. कॅमेरेवाला म्हणतो, ८ मेगापिक्सेलचे घ्या, खोक्यावर ‘नाइट व्हिजन ४० मीटर’ लिहिलंय. आखाड्यावर शेळ्या, विहिरीची मोटार आणि ठिबकच्या नळ्या आहेत, तिथंही लावायचाय. तर कोणता घ्यावा?

भाऊ, आधी उत्तर देतो, मग कारणं. ८ मेगापिक्सेलचा विचार सध्या सोडा. दुकानासमोर ४ मेगापिक्सेलचा, मोठ्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा आतला भाग), रात्री रंगीत चित्र देणारा एक कॅमेरा आणि त्याच्यापासून चार-पाच फूट बाजूला एक साधा एलईडी दिवा. आखाड्याचा हिशेब वेगळा आहे, त्यावर पुढं येतो. पण पैसे काढायच्या आधी आहे तोच कॅमेरा त्या भिंतीपासून हलवून बघा. तुमची निम्मी भुतं त्या चुन्यानंच तयार केलीत.

होतं काय, तर डोममधले इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे आधी जवळच्या भिंतीवर पडतात. भिंत पांढरी, ती सगळा उजेड परत फेकते. कॅमेऱ्याला वाटतं समोर लख्ख उजेड आहे, म्हणून तो चित्र आपणहून अंधारं करतो आणि रस्ता काळा पडतो. मग माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला की त्याच्या तोंडावर तोच इन्फ्रारेड भसकन पडतो, चेहरा चुन्यासारखा पांढरा होतो, नाक-डोळे पुसले जातात. त्यात डोमच्या प्लास्टिकवर उन्हाळ्याची धूळ बसली असेल, आणि आपल्याकडे ती बसतेच, तर इन्फ्रारेड त्या धुळीवरच पसरून चित्रावर दुधासारखी साय धरतो. उघड्यावर, धुळीच्या जागी मी इन्फ्रारेडचा डोम लावतच नाही. बुलेट, म्हणजे लांबट नळीसारखा कॅमेरा लावतो. डोम दुकानाच्या आत, छताला, तिथं तो शोभतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी जालन्याकडच्या एका स्क्रॅप यार्डाचं काम मी केलं होतं. चार कोपऱ्यांना चार कॅमेरे, सगळे ५ मेगापिक्सेल, सगळे २.८ मिमीच्या, रुंद बघणाऱ्या लेन्सचे. दिवसा मालकाला मोबाइलवर अख्खं यार्ड एका नजरेत दिसायचं, मालक खूश, मीही खूश. तांब्याची तार चोरीला गेली तेव्हा सकाळी आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो. पडद्यावर मुंग्या आल्यासारखा दाणेदार अंधार, त्यात एक धुरकट ठिपका डावीकडून उजवीकडे जातो. तेवढंच. मी त्या जागी रात्री एकदाही गेलो नव्हतो. पाहणी सकाळी ११ ला, बसवणं दुपारी, पैसे संध्याकाळी. तेव्हापासून रात्रीच्या कामाची पाहणी मी आठच्या पुढं करतो, आणि ज्या कॅमेरेवाल्याला रात्री यायचा कंटाळा आहे त्याला काम देऊ नका असं सगळ्यांना सांगतो.

आता मेगापिक्सेलचं. पाऊस पडताना अंगणात भांडी मांडली असं समजा. अंगण तेवढंच ठेवून परातींच्या जागी वाट्या मांडल्या तर वाट्या चौपट मावतील, पण एकेकीत पाणी घोटभरच. सेन्सर हे अंगण, पिक्सेल ही भांडी. १/२.८ इंचाच्या नेहमीच्या सेन्सरवर २ मेगापिक्सेल असतील तर एक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच आकारावर ८ मेगापिक्सेल कोंबले की तो १.४५ मायक्रॉनवर येतो, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर एक चतुर्थांश. दिवसा मुसळधार उजेड असतो, वाट्याही भरून वाहतात, त्यामुळं ८ मेगापिक्सेलचं दिवसाचं चित्र झकास दिसतं. दुकानात दाखवतात तेही तेच. रात्री मात्र त्या वाट्यांत चार थेंब पडतात आणि कॅमेरा त्या चार थेंबांना आतून ताणून मोठं करतो. त्या ताणण्याला गेन म्हणतात. पडद्यावरच्या मुंग्या म्हणजे तोच.

म्हणून खोक्यावर आधी सेन्सरचा आकार शोधायचा. १/१.८ इंचाच्या सेन्सरवर ४ मेगापिक्सेल असले की पिक्सेल पुन्हा २.९ मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणजे बारकावाही मिळतो आणि परातही मोठी राहते. आजच्या घडीला दुकान-गोदामासाठी मला हीच जोडी सगळ्यात पटते. ८ मेगापिक्सेल घ्यायचाच असेल तर तोही १/१.८ किंवा त्याहून मोठ्या सेन्सरवर घ्या. आकार कुठंच लिहिलेला नसेल, तर तो लहान आहे असं धरून चला. सोनीच्या स्टारव्हिस जातीचे सेन्सर कमी उजेडात चांगले आहेत, पण खोक्यावर ‘स्टारलाइट’ लिहिलंय म्हणजे आत तोच सेन्सर आहे असं समजू नका. तो शब्द कुणीही छापतो.

दुसरी गोष्ट लेन्सचं तोंड. एफ २.०, एफ १.६, एफ १.० असे आकडे असतात आणि आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. एफ २.० पेक्षा एफ १.० मधून चौपट उजेड आत येतो, एफ १.६ च्या तुलनेत अडीचपट. हिकव्हिजनची कलरव्ह्यू किंवा दाहुआची फुल-कलर अशा ज्या मालिका रात्री रंगीत चित्र देतात, त्यांची निम्मी करामत या मोठ्या तोंडात असते. बाकीची सेन्सरात आणि सोबतच्या पांढऱ्या दिव्यात. एक तोटाही आहे: एवढ्या मोठ्या तोंडाच्या लेन्सला अगदी जवळचं नीट दिसत नाही. दारापासून पाच-सहा फुटांवर असा कॅमेरा लावला तर येणाऱ्याचा चेहरा मऊ, फोकस सुटल्यासारखा येतो. त्याला थोडं अंतर द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट खोक्यावर कधीच नसते, आणि फसवणूक सगळ्यात जास्त तिथंच होते. शटर. कॅमेरा एका चित्रासाठी किती वेळ डोळा उघडा ठेवतो ते. अंधार पडला की बरेचसे कॅमेरे आपणहून शटर १/५ सेकंदापर्यंत सैल सोडतात. मग रिकामा रस्ता दिवसासारखा उजळ दिसतो, विकणारा तेच दाखवतो, घेणारा भुलतो. पण माणूस साध्या चालीनं सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. १/५ सेकंदात तो २८ सेंटीमीटर सरकला, म्हणजे आपल्या डोक्याच्या रुंदीपेक्षा जास्त. चेहरा चित्रावर फासला गेला. १/२५ वर तेच सरकणं ५-६ सेंटीमीटरवर येतं, १/५० वर तीनवर. चित्र थोडं काळवंडेल, पण कपाळ, नाक, हनुवटी जागेवर राहील. तुमच्या भुतांची उरलेली निम्मी कहाणी ही असणार. डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या रेकॉर्डरमध्ये, जाऊन आत्ता बघा: स्लो शटर बंद करा, शटर १/२५ किंवा १/५० वर बांधून टाका (आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं याच आकड्यांना दिवे लुकलुकत नाहीत), गेनला मध्यावर मर्यादा घाला. मुंग्या घालवणारी नॉइज रिडक्शन मध्यम ठेवा. ती शंभरावर नेली की चालणाऱ्या माणसामागं धुराचं शेपूट लागतं. स्मार्ट इन्फ्रारेड असं काही दिसलं तर चालू करा, त्यानं जवळचा चेहरा जळत नाही. सगळ्या कॅमेऱ्यांत हे सगळं सापडेलच असं नाही, पण बहुतेकांत यातलं काही ना काही असतं आणि त्याला रुपया लागत नाही.

लक्सचा, म्हणजे उजेड मोजायच्या मापाचा, आकडा वाचतानाही हेच ध्यानात ठेवा. भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ट्यूबलाइटच्या दुकानात दोन-तीनशे, चांगल्या रस्त्याच्या दिव्याखाली दहाच्या आगेमागे. पौर्णिमेचं टिपूर चांदणं म्हणजे जेमतेम पाव लक्स; अमावस्येला नुसत्या चांदण्यांचा उजेड हजारांश लक्सवर येतो. आता खोक्यावर ‘०.००१ लक्स’ छापलंय. म्हणजे कॅमेरा अमावस्येला पाहतो? पाहतो, पण कोणत्या शटरला आणि किती गेन ताणून, ते सांगत नाहीत. आणि ‘० लक्स, इन्फ्रारेड चालू असताना’ हे वाक्य तर स्वतःच्या हातात बॅटरी धरून मला अंधारात दिसतं म्हणण्यासारखं आहे.

‘४० मीटर नाइट व्हिजन’ त्याच जातीचं. ४० मीटरवर काहीतरी हललं एवढं कळेल. अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड चौथाई होतो, त्यातून कुणाचीच सुटका नाही. मी खोक्यावरच्या अंतराचा निम्मा आकडा माणूस दिसण्यासाठी धरतो, आणि चेहरा ओळखण्यासाठी एक चतुर्थांश, तोही लेन्स बरोबर असेल तर.

लेन्सचं थोडं सविस्तर, कारण मोंढ्यातली तुमची अडचण खरी इथं सुटेल. कॅमेऱ्याकडून तुम्हाला काय हवंय? ‘कुणीतरी आलं’ हे कळणं वेगळं आणि ‘अमुक आला’ हे कळणं वेगळं. यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत चित्रातल्या एका मीटर रुंदीला किती पिक्सेल यावेत ते ठरवलं होतं: नुसती हालचाल कळायला २५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख शंकेविना पटवायला २५०. आता गणित करा. २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंश बघते. दहा मीटरवर तिच्या पुढ्यात २४ मीटर रुंदीचा पट्टा येतो. ८ मेगापिक्सेलचे ३८४० पिक्सेल त्यावर पसरले की मीटरला १६० पडतात. तोच पट्टा ५० अंशांच्या लेन्सनं बघितला तर रुंदी नऊ-सव्वानऊ मीटर, आणि ४ मेगापिक्सेलचे २५६० पिक्सेल मीटरला २७५ पडतात. म्हणजे निम्म्या मेगापिक्सेलचा कॅमेरा चेहऱ्याच्या कामात पुढं गेला, आणि रात्री त्याची परातही मोठी. लेन्सचे मिलिमीटर पाठ करू नका, मोठ्या सेन्सरवर तीच लेन्स जास्त रुंद बघते. माहितीपत्रकात आडवा कोन लिहिलेला असतो, तो बघा.

‘एकाच कॅमेऱ्यात सगळा मोंढा दिसला पाहिजे’ हा हट्ट मात्र सोडावा लागेल. रुंद चित्रासाठी तुमचा जुना कॅमेरा राहू द्या. नवा ५० अंशांचा घ्या आणि जिथून माल न्यायचा तर जावंच लागतं अशा अरुंद जागेवर रोखा: शटरसमोरचा ओटा, किंवा हातगाडी वळते ती बोळ. उंची आठ ते दहा फूट, त्याहून वर नको. ११-१२ फुटांवरून टोपीचं टोक आणि टक्कल दिसतं, तोंड नाही.

आणि तोंडाला रुमाल बांधलेला असेल तर? आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धा गाव रुमाल बांधून फिरतो, चोरानं रात्री बांधला तर नवल नाही. अशा वेळी २५० पिक्सेलही हात टेकतात. मग उपयोगी पडतो तो रंग: शर्ट कसला, गाडी लाल की निळी, टेंपोच्या फाळक्यावर काय रंगवलंय. इन्फ्रारेडच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग नाहीच, वर काही काळे कपडेसुद्धा त्यात राखाडी-पांढरे दिसतात. पोलिसांना ‘पांढरा शर्ट’ सांगून आपणच त्यांना चुकीच्या वाटेला लावतो. मोंढ्यासाठी मी रंगीत कॅमेरा सांगतोय तो एवढ्यासाठी.

रंगाला उजेड लागतो. कॅमेऱ्यातला पांढरा दिवा चालतो, पण मला बाहेरचा बरा वाटतो. दुकानाच्या पाटीवर, कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट बाजूला, वीस-तीस वॅटचा एलईडी, तोंड खाली. पाखरं दिव्यापाशी जमतील, लेन्ससमोर नाही. पावसाळ्यात पहिला पाऊस झाला की पंखवाल्या मुंग्या निघतात तेव्हा हे काय सुख आहे ते कळेल. दिव्याला अंधार-उजेड ओळखणारा सेन्सर लावा, म्हणजे गडी लावायला-बंद करायला नको. आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या हेडलाइटचा त्रास असेल तर कॅमेऱ्यात हेडलाइट दाबणारी सोय बघा, तिला एचएलसी म्हणतात.

गाडीचा नंबरही त्याच कॅमेऱ्यानं टिपायचा, असं बहुतेकांना वाटतं. नंबरप्लेट उजेड परत फेकणाऱ्या कागदाची असते, इन्फ्रारेडमध्ये ती कोरी पांढरी पडते. नंबरासाठी शटर १/५०० किंवा त्याहून जलद लागतं, लांब लेन्स लागते, आणि तेव्हा बाकी सगळं चित्र काळं होतं. तो स्वतंत्र कॅमेरा. आडतीला त्याची गरज नाही. जिनिंग, साखर कारखाना, पेट्रोल पंप यांना आहे.

आता आखाडा.

तिथं माझा सल्ला उलटा आहे. चेहरा मिळवायच्या मागं लागू नका. शेतात तुम्ही नाही, सालगडी एकटा, पोलीस यायला वेळ लागतो. तिथं चोर ओळखण्यापेक्षा चोर आत्ता आलाय हे कळणं आणि त्याला पळवणं जास्त मोलाचं. म्हणून हायब्रीड दिव्याचा कॅमेरा: एरवी इन्फ्रारेडवर चालतो, माणूस दिसला की पांढरा दिवा लागतो, भोंगा वाजतो, मोबाइलवर निरोप येतो. त्यात माणूस-वाहन ओळखण्याची सोय असलीच पाहिजे, नाहीतर कुत्रं, मांजर, वाऱ्यानं हललेला कडबा, प्रत्येकाला रात्री तीनदा उठाल आणि चौथ्या दिवशी मोबाइलच गप्प कराल. शेळ्यांचे डोळे इन्फ्रारेडमध्ये विजेऱ्यांसारखे चमकतात, पहिल्या रात्री घाबरू नका.

मग तिथं सरळ मोठा फ्लडलाइटच का नको? शेताच्या कडेला सोयाबीन असेल तर नको. सोयाबीन कमी दिवसमानाचं पीक आहे, रात्र लांब झाली हे कळल्यावर ते फुलोऱ्यात येतं. रात्रभर त्याच्यावर दिवा ठेवला तर तेवढा पट्टा हिरवागारच राहतो, फुलं उशिरा, शेंगा उशिरा, काढणीच्या वेळी बाकी शेत वाळलेलं आणि तो पट्टा कोवळा. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन कधी बघितलं असेल तर लक्षात येईल. तुरीचंही तसंच. हायब्रीडचा दिवा माणूस दिसला तरच थोडा वेळ लागतो, त्यामुळं रात्रभरच्या दिव्यापेक्षा पिकाला धोका कमी.

इन्फ्रारेडमध्ये दोन जाती आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात; ९४० चे अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सरलाही ते कमी दिसतात म्हणून पल्ला बराच घटतो. आखाड्याला ८५० घ्या. लाल ठिपका दिसून चोर माघारी गेला तर वाईट काय?

कोळ्यांनी तर मला किती वेळा रानात नेलंय. इन्फ्रारेडपाशी बारीक पाखरं येतात, पाखरांसाठी कोळी येतो आणि बरोबर लेन्ससमोर जाळं विणतो. दिवसा जाळं दिसतही नाही, रात्री मात्र दोरखंडासारखं पांढरं, वाऱ्यानं हलतं आणि रात्रभर सूचना पाठवतं. इलाज एकच, लांब काठीला बांधलेला कुंचा. पैसे असतील तर इन्फ्रारेडचा दिवा वेगळा घ्यायचा, तो कॅमेऱ्यापासून पाच-सहा फुटांवर लावायचा आणि कॅमेऱ्यातला बंद करायचा. जाळं दिव्याशी लागतं, लेन्स मोकळी राहते.

विजेचा प्रश्न कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे. शेतीची थ्री फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री. तिच्या भरवशावर कॅमेरा ठेवला तर नेमका लाईट नसताना चोर येतो, कारण त्यालाही वेळापत्रक पाठ असतं. सोलर लावा, पण हिशेबानं. कॅमेरा दिवसा ३ वॅट आणि रात्री इन्फ्रारेडसकट ६ वॅट धरा, म्हणजे २४ तासांचे १०८ वॅट-तास. फोर-जी राउटर वेगळा असेल तर त्याचे आणखी १२० च्या आसपास. सव्वादोनशे झाले. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास मावतात, पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, तेव्हा हाताशी ६००, अडीच दिवस. १०० वॅटचं पॅनेल उन्हाळ्यात पुरतं, श्रावणातल्या झडीत पुरत नाही. १५० ते २०० वॅटचं घ्या. सिम कॅमेऱ्यातच असेल तर हे सगळं जवळपास निम्म्यावर येतं.

बाजारात छोट्या पॅनेलसकट बॅटरीवाले स्वस्त कॅमेरे आहेत, अंगाची ऊब ओळखून जागे होणारे. ते एरवी झोपलेले असतात. जागे होऊन रेकॉर्डिंग सुरू व्हायला एक-दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात माणूस पाठमोरा झालेला असतो. विहिरीच्या मोटारीवर नजर ठेवायला ठीक, त्यावर सगळी भिस्त नको. आणि सिम घेण्याआधी रात्री आखाड्यावर उभं राहून अपलोडचा वेग बघा, डाउनलोडचा नाही. मुख्य रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर होऊ द्या, तेही जास्त लिहिणं झेलणाऱ्या एन्ड्युरन्स जातीचं. नेटवरून फक्त सूचना आणि छोटं चित्र.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची. ‘दिवसभर कॅमेरा छान चालतो, सात वाजले की बंद-चालू होतो’ अशी तक्रार मला महिन्यातून एकदा तरी येते, आणि लोक कॅमेरा बदलून मोकळे होतात. कॅमेरा चांगलाच असतो. दिवसा तो कमी करंट घेतो, इन्फ्रारेड लागले की दुप्पट-तिप्पट. वीज आणि चित्र एकत्र नेणाऱ्या पातळ थ्री-प्लस-वन केबलमधून साठ-सत्तर मीटरवर १२ व्होल्ट नेले की वाटेतच व्होल्ट गळतात. दिवे लागताच कॅमेऱ्याला दहाच्याही खाली मिळतात, तो बंद पडतो. दिवे विझले की व्होल्ट परत येतात, तो पुन्हा सुरू होतो. रात्रभर हाच खेळ. उपाय म्हणजे कॅमेऱ्याजवळ वेगळा अॅडॉप्टर, किंवा आयपी (नेटवर्कवर चालणारा) कॅमेरा घेऊन नेटवर्क केबलमधूनच ४८ व्होल्टच्या आसपास वीज देणारा पीओई स्विच. त्याची मर्यादा १०० मीटर, आणि केबल शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा घरापासून आखाड्यापर्यंत ओढलेली लांब केबल अख्खा रेकॉर्डर जाळते. तेवढ्या अंतराला फायबर, म्हणजे वीज न वाहणारी काचेची केबल ओढा.

रेकॉर्डर गल्ल्यामागं उघडा ठेवू नका. डीव्हीआरच उचलून नेल्याची दोन प्रकरणं मी स्वतः बघितली आहेत. साठवणुकीचा अंदाज: एच.२६५ या चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट (एमबीपीएस) धरले तर चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी होतात, म्हणजे २ टीबीची हार्ड डिस्क जेमतेम २३ दिवस. दाणेदार रात्रीचं चित्र जास्त जागा खातं हेही धरा. घड्याळ बरोबर ठेवा. फुटेज कोर्टात न्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी हेच आहे. तेव्हा मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्या.

खरेदी करताना बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीसाठी सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. ‘स्टॉकमधला जुना माल, स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं तर का स्वस्त आहे ते ओळखा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेरेवाल्यालाही नवा सांगू नका, मी कॅमेरेवाला असूनच सांगतोय.

शेवटी चाचणी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कोणताही कॅमेरा चांगलाच दिसतो. विकणाऱ्याला सांगा, एक रात्र जागेवर लावून दाखव, पटला तर पैसे. पौर्णिमेच्या आसपास नको, अमावस्येच्या आसपास बोलवा. पोरग्याला गडद शर्ट घालून, पोतं खांद्यावर देऊन ओट्यावरून नेहमीच्या चालीनं चालायला लावा, मग पळायला. रेकॉर्डिंग थांबवून एकेक चित्र पुढं सरकवा. चालताना एका तरी चित्रात, ओळख नसलेल्या माणसालाही, चेहरा सांगता आला पाहिजे. उभ्या माणसाचा फोटो दाखवत असेल तर तो बघूच नका. आणि त्याच रात्री जुना डोमही भिंतीपासून तीन फूट बाहेर काढून, शटर बांधून, शेजारी लावून बघा. कदाचित तुम्हाला नवा एकच लागेल, आणि उरलेल्या पैशात आखाड्याचं पॅनेल निघेल.

सालगड्याला कुंचा मात्र आधी द्या. दर पंधरा दिवसांनी जाळी झाडायची, काच ओल्या मऊ फडक्यानं पुसायची. कोरड्या फडक्यानं पुसली तर धुळीनं चरे पडतात आणि रात्री पुन्हा तीच दुधाची साय.